वारं प्यालेलं इंजिन

“झडपांचा पत्रा कुठाय, नॉरिस?”

“काढला.”

“काढला म्हणजे? परवा शेवटची शर्यत आहे.”

“बटाटे भाजायच्या ट्रेचा कापलेला पत्रा होता तो, थेल्मा. जपान्यांनी हे इंजिन बनवलं तेव्हा त्यात ट्रे घातला नव्हता. ते काय मूर्ख होते?”

“ते मोटरसायकल बनवत होते.”

“मग?”

“मोटरसायकल वळणात झुकते. तेल तिच्याबरोबर राहतं. आपली गाडी झुकत नाही, तेल सगळं एका बाजूला पळतं आणि इंजिन कोरडं पडतं. हे मी सांगायचं तुला? जन्मभर मोटरसायकली उघडल्यास तू.”

“तेच म्हणतोय. मी उघडल्यात. तू नाही.”

तेवढ्यात थेल्मा टेबटला गॅरेजच्या फरशीवर आपला पत्रा पडलेला दिसला. नॉरिसनं त्यावर आपला चहाचा मग ठेवला होता.

तो ट्रे तिच्या सासूचा. सासूनं मरेपर्यंत त्यात बटाटे भाजले आणि मरेपर्यंत सुनेला ते नीट भाजता येत नाहीत असं सांगितलं. सासू गेल्यावर थेल्मानं ट्रे कापला, त्याला बारीक झडपा लावल्या, तेलाला आत येऊ देणाऱ्या आणि बाहेर जाऊ न देणाऱ्या, आणि इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये बसवला. त्या बाईची एक तरी वस्तू घरात उपयोगाला आली.

आता नॉरिसविषयी. इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या त्या पट्ट्यात त्याला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि ओळखून पस्तावला नाही असाही सापडायचा नाही. तरुणपणी तो मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचा. एकदा पडला, खांद्याचं हाड मोडलं. दोष टायरचा होता. नंतर बाजारपेठेत मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान काढलं, ते बसलं. दोष गिऱ्हाइकांचा होता. त्यांना चांगलं काम कळत नव्हतं. खरं म्हणजे काम तो चांगलंच करायचा, पण गाडी परत देताना मालकाला ती चालवायची अक्कल नाही हेही सांगायचा, फुकटात. हळूहळू लोकांना तिथून दूरचं दुकान जवळचं वाटू लागलं.

दुकान गेलं, हत्यारं राहिली. मग त्यानं ही गाडी बांधली. नळ्या जोडून केलेला सांगाडा, वर पातळ पत्रा, दोन माणसं उचलतील इतकी हलकी, आणि त्यात मोटरसायकलचं इंजिन. बांधली मात्र सुरेख. थेल्माही ते नाकारत नाही. गाडीला मागे जायचा गिअर नाही, कारण मोटरसायकलला तो नसतो. मागे घ्यायची तर कुणीतरी समोरून ढकलायची. ते कुणीतरी म्हणजे थेल्मा. नॉरिस स्टिअरिंग धरून आत बसायचा आणि “डावीकडे, अगं माझ्या डावीकडे” असं ओरडायचा. गाडीचा आणि मालकाचा हा एक गुण जुळलेला. मागे येणं दोघांनाही जमत नसे.

शर्यतींच्या क्लबात एका गाडीवर दोघांना नाव घालता येतं. मालक आधी चालवतो, मग जोडीदार, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी मोजतात. नॉरिसनं बायकोचं नाव दोन वर्षांपूर्वी घातलं ते दया म्हणून. बिचारी दिवसभर डब्यातली सँडविचेस राखत बसते, तिलाही चक्कर मारू दे. थेल्मा उंचीला कमी. घरच्या खुर्चीवरची हिरवी उशी तिनं पाठीमागे लावली, पट्टे आवळले आणि निघाली. परत आली तेव्हा घड्याळवाल्यानं आकडा दोनदा पाहिला. ती नवऱ्यापेक्षा वेगवान होती. त्या दिवशी वारा फिरला होता, नॉरिस म्हणाला.

मग वारा दर शर्यतीला फिरू लागला.

तीच गाडी, तेच टायर, तेच इंजिन. दोष द्यायला काही उरेना. अंगण वाकडं म्हणणारे लोक पुष्कळ असतात. नॉरिस अंगणच उकरायला निघाला. यंदा हलक्या गाड्यांच्या गटाचा कप थेल्माच्या हाताशी आला. शेवटच्या शर्यतीत म्हाताऱ्या सेसिल गुडहँडच्या पुढे राहिली की झालं. आणि नेमका याच महिन्यात नॉरिसला शोध लागला, की इंजिनाला हवा कमी पडते.

म्हणून टर्बो. धुरानं फिरणारा पंखा, तो इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. त्यानं सिलिंडरखाली जाड पट्टी घालून जागा केली, पाइप वाकवले, जोडकाम केलं, सगळं नेटकं. पण पंख्याला तेल लागतं आणि ते तेल परत चेंबरमध्ये जावं लागतं. त्या वाटेत आला सासूचा ट्रे. शुक्रवारी संध्याकाळी तो त्यानं उचकटून काढला.

थेल्मानं चहाचा मग उचलला आणि पत्रा पुसून त्याच्यापुढे धरला. परत घाल म्हणाली, वाट दुसरीकडून काढ. नाहीतर निदान या रविवारपुरता टर्बो उतरव, सोमवारी हवं तर दोन लाव. नॉरिसनं तिला समजावलं. म्हणजे एक तास तो बोलला आणि ती उभी राहिली. शेवटी म्हणाला, “तुझ्यासाठीच करतोय हे. कप तुला मिळणार, नाव माझ्या इंजिनाचं होईल. एवढं तरी होऊ दे.”

चाळीस वर्षांच्या संसारातलं हे त्याचं सर्वात प्रेमळ वाक्य असावं. गाडीही त्याचीच होती. ती घरात जाऊन उशी शिवत बसली.

रविवारी जुन्या विमानतळावर सगळे जमले. धावपट्टीचं काँक्रीट, कोपऱ्यांवर गवताचे भारे, बेकन रोल विकणारी गाडी आणि गाल फाडणारा वारा. नॉरिस बॉनेट उघडून उभा राहिला. कुणी पाहतंय का हे पाहत. शेजारी सेसिल गुडहँड घडीच्या खुर्चीत बसून फ्लास्कमधलं सूप पीत होता. त्याच्या गाडीत दूधवाल्याच्या व्हॅनचं इंजिन होतं आणि नॉरिसच्या लेखी याहून मोठं पाप नव्हतं.

“रिव्हर्स आहे ना रे अजून तिला?” नॉरिसनं विचारलं. “बाजारातून कोबी आणायला बरी.”

“कोबी चांगला मिळतो,” सेसिल म्हणाला आणि सूप पीत राहिला.

मालक म्हणून नॉरिस आधी गेला. सरळ रस्त्यावर गाडी वारं प्यालेल्या वासरासारखी सुटली; खोटं कशाला बोला, थेल्माच्याही अंगावर काटा आला. माणसं बेकन रोल हातात धरून कुंपणापाशी आली. मग तो लांबलचक उजवा वळसा आला. तिथे काय होतं हे क्लबातल्या सगळ्यांना पाठ होतं, आणि ते बघायला झेंडेवाले खास थांबत. वळणात शिरला की नॉरिस झुकायचा. मोटरसायकलवर झुकावं तसं अख्खं अंग आत टाकायचा, हेल्मेट गाडीच्या बाहेर येईपर्यंत. गाडी आपली सपाट, आणि वर हा माणूस गवत शोधणाऱ्या मेंढीसारखा. आजही झुकला. मन लावून झुकला. तेल झुकलं नाही. ते एका भिंतीला जाऊन बसलं, तळ कोरडा पडला, आणि वळसा संपायच्या आत इंजिनातून कुणी शिडीवरून लोखंडी बादल्या लोटाव्यात तसा आवाज आला.

गाडी होती तेवढ्या वेगात घरंगळत आली आणि आपल्या जागेवर, गवताच्या भाऱ्यांना नाक लावून थांबली. इंजिनाच्या कुशीला भोक पडलं होतं, आतला दांडा बाहेर डोकावत होता. मागे काँक्रीटवर काळ्या तेलाची रेघ.

नॉरिसनं हेल्मेट काढलं, भोक पाहिलं. थेल्मा हिरवी उशी काखेत धरून उभी होती. आता तो काहीतरी बोलेल, तिला वाटलं. एखादा शब्द. फार मोठा नको.

“तेल भिकार निघालं,” नॉरिस म्हणाला. “पेट्रोल भरतो तिथलं घ्यायला नको होतं. आणि तू ते पत्र्याचं डोक्यात भरवलंस, माझं लक्ष उडालं.”

सेसिल खुर्चीतून उठला. त्याला उठायला वेळ लागतो. तो आधी आयोजकांच्या टेबलाकडे जाऊन आला. मग थेल्माजवळ येऊन, नॉरिसकडे न बघता त्यानं सांगितलं की आयोजकांना तो विचारून आलाय. गुण माणसाला मिळतात, गाडीला नाही. त्याची चक्कर झाली की गाडी तिची.

“पण मग कप जाईल तुमचा,” थेल्मा म्हणाली.

“बसून मिळालेला कप पुसायचा कंटाळा येतो, बाई. क्लच जरा उशिरा धरतो, तेवढं सांभाळ.”

नॉरिस हसला. “त्या दूधगाडीत? थेल्मा, लोक बघतायत.” आणि उत्तराची वाट न पाहता तो गाडीत बसला, स्टिअरिंग धरलं. गाडी ट्रेलरवर चढवायची होती, आणि समोर भारे होते. “चल, ढकल मागे. आधी माझ्या डावीकडे. ऐकतेस ना?”

थेल्मानं भाऱ्यावर ठेवलेलं आपलं हेल्मेट उचललं, उशी नीट काखेत धरली आणि सेसिलच्या गाडीकडे चालू लागली.