मंगलकाकूंची रांगोळी आणि प्रोसेसरचा स्पीड

दुकानातली धूळ मी रोज सकाळी झाडून काढते, पण गिऱ्हाइकांचे किस्से काही झाडून निघत न्हाईत. एक बाहेर लोटावा तर दुसरा चप्पल काढून आत येतो! सिरसाळ्यात आमचं कंपुटर दुरुस्तीचं दुकान हाय. दुरुस्ती माझा नवरा करतो, सगळे त्याला दत्ता म्हणतात. गिऱ्हाइकाशी भांडायचं खातं माझ्याकडं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण भांडायला तेवढी लई झाली!

आता सांगते ते सगळे किस्से एकाच खोक्याचे.

* * *

परळीचे एक सर, चित्रकलेचे रिटायर मास्तर. टावेलात गुंडाळून एक जुनाट कंपुटर घेऊन आले. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवर चालायचा, तसला. मागून मंगलकाकू, म्हणजे त्यांची बायको, तोंड फुगवून.

"माझ्या बांगड्या मोडून घेतलं हुतं हे खोकं," काकू मलाच सांगायला लागल्या. "मला काय मिळालं यातनं?"

"तुझ्यासाठी रांगोळीचा प्रोग्राम लिहिला होता मी!" सर म्हणाले.

"मग मला कावून दिसली न्हाई?"

"तू माहेरी होतीस. परत आलीस तोवर टीव्ही बिघडला."

काकूंनी तिथंच हुकूम सोडला. "दिवाळीच्या आत रांगोळी दाखवा. न्हाईतर हे भंगारात!"

सरांचा चेहरा असा पडला, की जणू भंगारवाला त्यांनाच न्यायला आलाय.

* * *

खोकं कधीच मेलेलं. पण कॅसेट शाबूत होती. दत्ता म्हणाला, "हरकत न्हाई. नव्या कंपुटरच्या पोटात जुना कंपुटर बसवता येतो." त्याला एम्युलेटर म्हणतात. त्यात प्रोसेसर कसा पळवायचा ते आपण ठरवायचं. मूळ स्पीड, दुप्पट, आठपट, न्हाईतर फुल.

दत्तानं आधी मूळ स्पीड लावला. मूळ स्पीडला कॅसेटसुद्धा पूर्वीसारखीच वाजत आत जाते. अन् वाजते कशी? कुणी पत्र्यावर खिळा ओढतंय अशी! दत्तानं आवाज मोठा ठेवलेला. तो बाजारचा दिवस. शेळ्यांचे व्यापारी हरिभाऊ दुकानाच्या खांबाला शेळ्या बांधून चहा पीत होते. पहिली किंकाळी निघाली अन् शेळ्या दावं तोडून पार बसस्टँडकडं!

हरिभाऊ कप हातात घेऊन दारात उभे. "वयनी, शेळ्या परत बोलवायचं बटन कोणतं हाय?"

* * *

शेळ्या सापडल्या. प्रोग्रामही आत गेला. सर म्हणाले, "दत्ता, आता स्पीड फुल लाव. एकदाची होऊन जाऊ दे."

दत्तानं फुल लावला. काकूंनी चष्मा पुसला, डोळ्याला लावला. पडद्यावर लखकन काहीतरी झालं अन् परत काळं!

"बघितलीस?" सर खुश. "काढली की नाही?"

"काय बघितलं? वीज चमकली! त्यापायी बांगड्या मोडल्या व्हय मी?"

* * *

काकू फणकाऱ्यानं निघून गेल्यावर दत्ता म्हणाला, पुढच्या खेपेला स्पीड कमी लावू. मी त्याला झापलं. "एवढा महागाचा कंपुटर घेतला, तो पळतोय तर पळू द्या की! मुद्दाम हळू कावून चालवायचा?"

तो म्हणाला, "अगं, जुन्या प्रोग्रामला थांबायचं असलं की तो घड्याळ बघत न्हाई, मनात आकडे मोजतो. जुना प्रोसेसर सावकाश मोजायचा. हा नवा फटकन मोजून मोकळा होतो."

"म्हणजे लपाछपीत आमचा भाऊ मोजायचा तसं! एक, दोन, शंभर!"

"हां, तसंच."

"मग सरळ सांगा ना, लबाड हाय म्हणून!"

* * *

सरांच्या कॅसेटवर एक खेळही निघाला. विमान अडथळे चुकवत न्यायचं. हरिभाऊ खेळायला बसले. दत्ता स्पीड खाली घ्यायचा विसरलेला. हरिभाऊंनी बोट उचललं अन् विमान पडलं. परत उचललं, परत पडलं.

"हे माझा हात लागायच्या आधीच मरतंय!"

"प्रोसेसर फुलवर हाय," मी म्हणाले.

हरिभाऊंनी वायरीकडं बघितलं. "मग सोपं हाय की! आमच्या वस्तीवरचा करंट द्या त्याला. आपोआप हळू हुईल!"

* * *

दिवाळी तोंडावर आली. सर अन् काकू परत आले. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, हे काकूंनी पायरी चढता चढताच ऐकवलं. दत्तानं यावेळी प्रोसेसर मूळ स्पीडवर आणला अन् प्रोग्राम सुरू केला.

एक ठिपका. मग दुसरा. मग बराच वेळ काहीच न्हाई.

"एवढ्यात मी अख्खं अंगण भरलं असतं," काकू म्हणाल्या. "जरा हाण की रे, दत्ता!"

"नको, मूळ होती तशीच बघ," सर म्हणाले.

ठिपक्याला ठिपका जुळला. पाकळ्या निघाल्या, वेल निघाली, मधे कमळ उमललं. काकूंचं तोंड हळूहळू सैल झालं. "चांगली काढलीया हो," त्या म्हणाल्या, अन् चक्क लाजल्या! सर माझ्याकडं वळून म्हणाले, "भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगा!"

मी फोन उचलला, तेवढ्यात रांगोळीच्या खाली आणखी एक रेघ उमटायला लागली.

"हे काय आता?" काकूंनी विचारलं.

"नाव असेल. तुझंच," सर म्हणाले.

रेघ वळली. परत उलटी वळली. इंग्रजी अक्षर पुरं झालं. चौथी शिकलेल्या मलाबी कीबोर्डवर बघून बघून कळतं, तो एस होता. मंगलमधे एस कुठं येत न्हाई.

पुढचं अक्षर उमटायला लागलं.

"दत्ता," सरांचा आवाज चिरकला, "फुल लाव! फुल!"

दत्ताचा हात माऊसकडं गेला. काकूंनी तो वरच्यावर धरला. मग खुर्ची पडद्याजवळ ओढली, पदर खोचला अन् ऐसपैस बसल्या.

"हाच स्पीड ऱ्हाऊ दे, बाळा. सावकाश लिहू दे त्याला. मला आज कायबी घाई न्हाई!"