सर येत आहेत, पाच मिनिटं

सात वर्षं मी एका वाक्यावर पोट भरलं: "सर येत आहेत, पाच मिनिटं द्यावीत."

मी ज्यांच्या हाताखाली वकिली करायची त्या सरांचं ऑफिस वेंगुर्ल्यात, कोर्टापासून चालत दहा मिनिटांवर. तरी त्यांना उशीर व्हायचाच. अशील आला की त्याचं भांडण पार पणजोबापासून ऐकायची त्यांना खोड. मग घड्याळ बघून मला म्हणायचे, "तू फुडे हो गो, मी इलंयच." मी काळा कोट सावरत धावायची, पुकारा झाला की उभी राहायची आणि ते वाक्य टाकायची. न्यायाधीश बदलले, वाक्य बदललं नाही. तेव्हा मला सरांचा अस्सा वैताग यायचा! आज त्या धावण्याची आठवण येते, हे कबूल करते.

ऑफिसात मालवणी आणि कोर्टात शुद्ध मराठी हा त्यांचा शिरस्ता. त्यांच्या अंगावर कोट असेपर्यंत मी 'वकीलबाई', कोट खुंटीला लागला की 'गो'. दुपारी घरून डब्यात बांगड्याचं तिखलं आलं, तर आधी माझ्या पानात वाढायचे.

मग मंदी आली. रेडी बंदराला खनिजाच्या बोटी लागेनाशा झाल्या, ट्रकवाले बसून राहिले, जमिनींचे व्यवहार थंडावले. अशील यायचे, पण नुसत्या गप्पा मारायला. माझा पगार मात्र चुकला नाही. सरांनी गाडी विकून जुनी स्कूटर बाहेर काढली. त्यांच्यावर भार नको म्हणून मी गेले, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी घाबरले होते. कुडाळच्या एका मोठ्या ऑफिसात बँकांची कामं असायची, त्यामुळे मंदीतही तिथे गर्दी. त्यांनी बोलावलं आणि मी एका दिवसात हो म्हटलं.

सरांना सांगितलं तेव्हा कोट खुंटीवरच होता. तरी ते म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही विचार करूनच ठरवलं असेल." सात वर्षांत पहिल्यांदा ते ऑफिसात माझ्याशी कोर्टासारखं बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तीन महिन्यांनी बँकेच्या कामासाठी नव्या साहेबांबरोबर मी वेंगुर्ल्याच्या कोर्टात बसले होते. तेवढ्यात सरांचा एक जुना दावा पुकारला गेला. एका म्हातारीच्या आंब्याच्या कलमांच्या वाटणीचा. समोरच्या बाजूने माझे नवे साहेबच होते. मी आधी म्हातारीचं काम पाहिलेलं, म्हणून ती फाइल त्यांनी माझ्यापासून लांब ठेवली होती. सर नव्हते, म्हातारीही नव्हती. शिपायाने दुसऱ्यांदा पुकारा केला. साहेब उठून म्हणाले, वादी गैरहजर आहे, दावा काढून टाकावा. आणि मी कधी उभी राहिले ते माझं मलाच कळलं नाही.

"सर येत आहेत, पाच मिनिटं द्यावीत."

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं, वकीलबाई, तुम्ही हल्ली नक्की कोणातर्फे? मी खाली बसले. पण काम त्यांनी दुपारनंतर ठेवलं. साहेब माझ्याकडे न बघता फाइल बांधत राहिले. आता नोकरी गेली, हे मी धरूनच चालले.

थोड्या वेळाने सर आलेच, म्हातारीला स्कूटरवर मागे बसवून. शिपायाने त्यांना दारातच सगळं सांगितलं. व्हरांड्यात ते माझ्यासमोर येऊन थांबले. अंगावर काळा कोट होता, तरी आवाज खाली आणून म्हणाले, "परत असा करू नको गो. नोकरी जायत तुजी."

 

नोकरी राहिली. फक्त साहेबांनी मला पुन्हा त्या कोर्टात नेलं नाही. सर अजून तसेच उशिरा पोचतात म्हणे, आणि त्यांच्या पुढे धावत जाणारं आता कोणी नाही.