इस्त्रीवाल्याचा सॅल्यूट

लाँड्रीच्या मागच्या खोलीत वाफेने भिंतींना पोपडे आले होते. तिथे उभा राहून तो वीसेक वर्षं लोकांचे शर्ट कडक करत होता. सगळे त्याला 'फौजी' म्हणत, आणि म्हणताना हळूच हसत. तो आणि त्याचा थोरला भाऊ एकाच तुकडीत शिपाई होते. थोरला लढाईत चौकी सोडून पळाला आणि पळतानाच मेला, हे शहरभर झालं होतं. तसं त्यांच्या कॅप्टननेच वर कळवलं होतं. कॅप्टनच्या शब्दापुढे मेलेल्या शिपायाचं काय चालणार?

खरं तर पळाला होता कॅप्टन. गोळीबार सुरू झाला तसा "कुमक घेऊन येतो" म्हणून जो खाली उतरला, तो थेट दवाखान्याच्या तंबूत सापडला, पोट धरून. थोरला चौकीतच राहिला आणि तिथेच संपला. फौजीने हे डोळ्यांनी पाहिलं होतं, पण साहेबापुढे ब्र काढला नाही. घरी आल्यावर वहिनीला तेवढं सांगितलं.

वहिनी रडली नाही. "हे चारचौघांत कधी सांगणार, भावजी?" एवढंच तिने विचारलं. पळपुट्याच्या बायकोला कसली पेन्शन आणि कसला मान! ती घरी बसून लाँड्रीतल्या शर्टांची तुटकी बटणं लावून द्यायची. शहिदांच्या बायका रस्त्यात दिसल्या की फूटपाथ बदलायची.

मग कॅप्टन निवडणुकीला उभा राहिला. भिंतीभिंतीवर त्याचा गणवेशातला फोटो लागला. खाली घोषणा: 'ज्याने चौकी सोडली नाही, तो तुम्हाला सोडणार नाही.' त्यातलं दुसरं अर्धं मात्र खरं निघणार होतं. समोरच्या उमेदवाराने तरुणपणी तळपाय सपाट असल्याचा दाखला आणून भरती चुकवली होती, आणि आता तेच तळपाय घेऊन तो गल्लोगल्ली पदयात्रा काढत होता. त्याचा प्रचारप्रमुख एक दिवस लाँड्रीत येऊन थडकला.

"फौजी, तुम्ही फक्त खरं बोला. बाकीचं आम्ही बघतो."

"चौकी माझ्या भावाने सोडली नाही, कॅप्टनसाहेबांनी सोडली."

"फक्कड! पण साहेब नका म्हणू."

"बरं, साहेब."

प्रचारप्रमुखाने कपाळाला हात लावला. पण त्याहून मोठा घोळ त्याने स्वतःच घातला. म्हणाला, जुना गणवेश घालूनच या, लोकांवर छाप पडते. फौजीने पेटीतला गणवेश काढला, इस्त्री केली आणि इस्त्री फिरवता फिरवता ते एक वाक्य घोकघोक घोकलं. वहिनी ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत जाऊन बसली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच मान वर करून बसली होती.

दोन्ही उमेदवारांची आमनेसामने सभा होती. सभागृह खच्चून भरलं होतं. फौजी माइकसमोर उभा राहिला, घसा खाकरला, आणि तेवढ्यात कॅप्टन मंचावर आला. त्याने फौजीला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं. गडी घाबरला नाही की चिडला नाही. जवळ येऊन कवायतीच्या मैदानावरच्या त्याच जुन्या आवाजात एवढंच म्हणाला, "टोपी सरळ कर, जवान."

फौजीच्या टाचा खाड्कन जुळल्या. डाव्या हाताने टोपी सरळ केली आणि उजवा हात कपाळाशी गेला. "जी, साहेब!" माइक चालू होता. सभागृहातल्या शेवटच्या माणसालाही ते ऐकू गेलं.

आधी हशा पिकला, मग टाळ्या. कॅप्टनने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माइक आपल्याकडे ओढला. "याचा भाऊ पळाला, पण त्याचा राग मी या बिचाऱ्यावर कधी काढला नाही. पाहिलंत ना, आजही तो मला किती मानतो!"

"चौकी... माझ्या भावाने..." फौजी बोलत होता, पण टाळ्यांमध्ये त्याचं त्यालाही ऐकू येईना. प्रचारप्रमुख केव्हाच उठून बाहेर गेला होता. वहिनीशेजारच्या बाईने तिचा हात थोपटला. "मोठ्या मनाचा माणूस हो, माफ केलं बघा तुम्हाला."

सॅल्यूटचा तो फोटो दुसऱ्याच दिवशी शहरभर लागला. लाँड्रीच्या शटरवरसुद्धा कुणीतरी चिकटवून गेलं. कॅप्टन दणक्यात निवडून आला. आठवडाभराने त्याचा माणूस निरोप घेऊन आला, साहेबांच्या बंगल्यावर पहारेकरी हवा आहे, गणवेश मिळेल.

फौजी तडक घरी आला. "थुंकतो मी असल्या नोकरीवर, वहिनी! त्याच्या दारात उभा राहू मी?" आणि तिच्याकडे पाहत राहिला. तिने एकदा तरी "नका जाऊ" म्हणावं, शिव्या घालाव्यात, काहीही करावं, म्हणून.

वहिनीने बटणाचा दोरा दाताने तोडला.

"जा की, भावजी. फाटकात उभं राहायचं, गाडी आली की हात वर करायचा. तेवढं तुम्हाला छान जमतं."