ब्रेकच्या डब्यात सरकीचं तेल

अकोल्याचे भडका मिस्त्री नमस्काराला शिवीनं उत्तर देत. मग गाडीत शिरून ब्रेकवर पाय ठेवत, आणि पाय जितका खोल जाई तितकी दुसरी शिवी लांब होई. त्यांच्या गॅरेजात वकील, डॉक्टर, अडते सगळे मान खाली घालून उभे असत. त्यांतला सर्वांत निगरगट्ट मी. साठ सालाच्या आगेमागे मी अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगात मॅनेजर होतो. मालकांची जुनी मोटार माझ्या ताब्यात होती आणि आपल्याला मोटारीतलं कळतं असा माझा समज होता.

त्या मोटारीचा ब्रेक-तेलाचा डबा ड्रायव्हरच्या पायाखाली. चटई उचलायची, फळीतलं झाकण काढायचं, मग डब्याचं बूच. मिस्त्री आधी बुचाभोवतीची धूळ कोरड्या फडक्यानं पुसून काढत, मगच ते फिरवत. तेल तोंडापासून अर्धं पेर खाली पाहिजे. त्याहून वर नाही, फार खाली नाही. आणि उतरलेलं दिसलं तर लगेच भरत नसत. चारी चाकांमागं वाकून ओल शोधत.

"तेल कमी झालं त गेलं कोठी? गाडी पेते काय बे? आंदी भोक पाह्य, मंग वत!"

मला भोक पाहायचा कंटाळा. त्या हिवाळ्यात तेल दर आठवड्याला उतरू लागलं. मिस्त्रींना सांगावं तर भर बाजारात खानदान उद्धरलं जाणार, म्हणून मी गुपचूप भरत राहिलो. जवळची ब्रेक-तेलाची डबी संपली. अकोटात दुसरी मिळेना. जिनिंगला लागून तेलाची गिरणी, तिथं सरकीचं तेल हवं तेवढं. तेल ते तेल, म्हणून वाटीभर ओतलं. पेडल झकास लागलं. माझ्या अकलेवर मीच खूश!

चार दिवसांनी अकोल्याला गेलो तर मिस्त्री रस्त्यावरच धावत आले. त्यांची लेक झुबेदा बाळंतपणाला माहेरी आलेली, ती अडली होती. डॉक्टरीणबाईंनी अमरावतीला न्या म्हणून सांगितलेलं, आणि गॅरेजात चालती गाडी एकही नव्हती.

"ब्रेकचं तेल पाह्यलं काय?"

"काठोकाठ आहे, चाचा!"

काठोकाठ हे उत्तरच चूक होतं, पण त्या घाईत त्यांच्या ध्यानात आलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी चटई न उचलता, दुसऱ्याच्या शब्दावर गाडी हाकली. मागं झुबेदा आणि तिची आई, पुढं मी.

मूर्तिजापूरच्या पुढं कापसानं भरलेली बैलबंडी आडवी आली. मिस्त्रींनी पाय दाबला तो थेट फळीला टेकला. झुबेदा किंचाळली. त्यांनी गिअर खाली ओढला, हातब्रेक खेचला आणि गाडी कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत घातली. काळ्या मातीनं चाकं धरली. मागून एक ट्रक आला; त्यात जागा दोघींपुरतीच. त्या पुढं गेल्या, आम्ही दोघं पऱ्हाटीत उरलो.

मिस्त्रींनी चटई उचलली, डब्यात बोट बुडवलं, हुंगलं.

"हे काय होय?"

"सरकीचं."

"भजे तळाचे होते काय बे इथं?" आणि एक थोबाडीत.

"पेडल तर लागत होतं, चाचा," मी म्हणालो. दुसरी थोबाडीत.

"पोरगी मेली असती त कोनाच्या डोक्शात सरकी भरली असती मी?"

झुबेदाला संध्याकाळी मुलगा झाला, दोघं सुखरूप. मिस्त्रींनी मात्र गाडी गॅरेजात ओढून आणली आणि चार दिवस उघडून ठेवली. सगळ्या नळ्या स्पिरिटनं धुतल्या, सरकीच्या तेलानं फुगलेली रबरं फेकली, मागच्या उजव्या चाकातली गळती बंद केली. मी शेजारी उभा. त्यांच्या तोंडून एकही शिवी नाही. शेवटी त्यांनी किल्ली पुढं केली.

"गाडी तयार आहे, साहेब. आता दुसरा मिस्त्री पाहा."

"चाचा, शिव्या तरी द्या!"

"शिव्या आपल्या मानसाले देते मानूस. तुमी कोन?"

थोबाडीत खाल्ल्या तेव्हा आला नव्हता इतका संताप मला त्या 'साहेब'चा आला. स्वतःचा तर त्याहून जास्त. पुढं अकोल्याला गेलो की त्या गॅरेजासमोर गाडी हळू करायचो. आत कोण्या वकिलाला गाढव ठरवणं चालू असे आणि तो मुकाट ऐकत असे. त्या वकिलाचा इतका राग येई की जोरात हॉर्न दाबून मी पुढं निघून जाई.