आबांच्या दगडाची लाल पाठ

सरांच्या सत्कारात दोन शब्द मी बोलावेत असं ठरलं, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नऊ वर्षं मी या दिवसाची वाट पाहत होते. चांगली माणसं अशी वाट पाहत नाहीत, हे मला कळतं. पण त्या दिवशी मला चांगलं व्हायचंच नव्हतं.

भांडण एका दगडाचं. माझे वडील, आबा, सोनगीरच्या आसपास विहिरी खोदायचे. त्यांच्या पहिल्या विहिरीत काळ्या दगडात एक पोकळी फुटली. आत काचेसारखे हिरवट खडे, आणि तिथूनच पाणी लागलं. तो दगड आबांनी घरी आणला. पुढे कुठलीही विहीर आखली की आधी तो दगड आखणीवर ठेवायचा, नारळ फोडायचा, तेलात कालवलेला शेंदूर लावायचा आणि मगच पहिला टिकाव मारायचा. खडे झाकायला नकोत म्हणून शेंदूर पाठीला. थरावर थर चढून ती पाठ टणक लाल झाली होती.

जळगावला बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतलं, तेव्हा तोंडी परीक्षेसाठी मी तो दगड चार दिवसांपुरता मागून नेला. सरांनी विचारलं, हे खडे कसे झाले? मी सांगितलं. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्या राहिल्या. मुरलेलं पाणी खोलवर तापलं, दगडातलं थोडं थोडं विरघळवत फटींतून फिरलं, आणि पोकळीत येऊन निवलं तसं सगळं तिथे सोडून गेलं. हेच पाणी खारट असलं, त्यात गंधक असलं, तर ते तांबं, शिसं, सोनंसुद्धा वाहून आणतं. धातूच्या शिरा अशाच भरतात. बरोबर होतं की नाही? पण घाबरून ‘असं आहे’च्या जागी तोंडातून घरचं अहिराणी ‘असं शे’ निघून गेलं. सर दुसऱ्या परीक्षकांना म्हणाले, “खडे पोकळीतून आले, ही कुठून आली?” दोघंही खो खो हसले. दगड सरांनी कपाटात ठेवला, तो ठेवलाच.

आबा स्वतः मागायला आले, धुतलेली टोपी घालून. सरांनी त्यांना दाराबाहेरच उभं केलं. म्हणाले, “दगडच ना तो? ट्रॉलीभर पाठवतो.” आबा तसेच परतले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दगड नाही तर आखणी नाही, असं आबांचं. स्वतः विहिरीचं काम घेणं त्यांनी सोडलं आणि दुसऱ्यांच्या विहिरींवर रोजानं जायला लागले. दर दिवाळीला एवढंच विचारायचे, “तठेच शे का तो?”

मी शिकले, त्याच कॉलेजात शिकवायला लागले. आणि एके दिवशी सरांचा लेख छापून आला. खानदेशात म्हणे हिंगूळ सापडला! हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज. गरम पाणी वर येऊन निवतं, तिथे ते बसतं. सरांनी आपल्या जिल्ह्यातल्या गरम झऱ्यांचा दाखला दिला होता. आणि पुराव्याचा फोटो कशाचा? आबांच्या दगडाच्या पाठीचा! खाली ‘संग्रह’ म्हणून सरांचं नाव. आयत्या बिळावर नागोबा, तोही आंधळा. नमुना बिघडेल म्हणून त्यांनी कणभरसुद्धा खरवडून तपासलं नव्हतं. मी पोटभर हसले. मग ठरवलं, आत्ता नाही. आत्ता सांगितलं तर चार जणांत मिटेल. चढू दे मेल्याला, अजून वर चढू दे.

चढले. व्याख्यानं झाली, शाली झाल्या. सत्काराला दगड मखमलीवर मांडला होता. आबांना मी पहिल्या रांगेत बसवलं, का ते न सांगता.

मी बोलायला उठले. गरम पाण्याचं सगळं सांगितलं, त्या परीक्षेत सांगितलं होतं तसंच. म्हटलं, “पाणी चारी बाजूंच्या दगडांकडून कण कण गोळा करतं आणि साठा होतो एका पोकळीत. त्यात पोकळीची कमाई काहीच नसते.” सरांनी मान डोलावली. मग मी दगड उलटा केला. “सर, हे लाल काय?”

“हिंगूळ,” सर माइकवर म्हणाले.

मी केसातली पिन काढून खरवडलं. पापुद्रा निघाला, खवट तेलाचा वास आला. दगड घेऊन खाली उतरले आणि माइक आबांपुढे धरला. “आबा, काय शे हे?”

आबांनी अंगठा फिरवला. “शेंदूर. मीच लायेल शे.”

मागच्या बाकांवरून हसू फुटलं आणि पुढे सरकत व्यासपीठापर्यंत आलं. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. मला ते हसणं गोड लागलं, खोटं कशाला बोलू? “घेऊन जा तो,” सर पुटपुटले. मी म्हटलं, “एवढाच पुरे. ट्रॉलीभर नको.”

जळगावातच पिंप्राळ्याला माझ्या घरी येताना रिक्षात आबा दगड मांडीवर घेऊन बसले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले, तेव्हापासून विहिरीत उतरणं बंद.

“तुले कव्हयपशी मालूम व्हतं?” त्यांनी विचारलं.

“नऊ वर्षं झाली,” मी ऐटीत म्हटलं.

आबांनी दगडाच्या खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “मंग तव्हयच का बरं नही सांगं?”

तेव्हाच सांगितलं असतं, तर शेंदूर फासलेला दगड सरांनी त्याच दिवशी माझ्या अंगावर फेकला असता. तेव्हा आबांचे गुडघे धड होते.

घरी आल्यावर मी दगड देवापाशी ठेवला, वाटीत तेल घेतलं आणि शेंदराची पुडी सोडली. आबा म्हणाले, “राहू दे आता.”