जंतूबाईंचा सतरा नंबर

जंतूबाई वर्गात अस्खलित इंग्रजीत शिकवायच्या. पण मायक्रोस्कोपला डोळा लावला की थेट आपल्या कुंडल गावच्या होऊन जायच्या. "आलास व्हय? जरा सरक की गड्या," असं त्या काचपट्टीवरच्या यीस्टच्या पेशीला म्हणत. पहिल्यांदा ऐकणारा विद्यार्थी दचकायचाच. सांगलीच्या आमच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. जंतूबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. ते त्यांच्या कानावर होतं, आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नसे.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी साताऱ्याहून आलेली नवी डेमॉन्स्ट्रेटर. पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "पेशीच्या आत काय चालतं ते सगळी दुनिया बघती, शैले. पण आत जातं कसं, ते कोण बघतंय?" त्यांचं सगळं संशोधन या एका प्रश्नावर होतं. पेशीभोवती पातळ पापुद्रा असतो. साखरेचा रेणू त्यातून आपोआप पाझरतो, की त्याला धरून आत घेणारं खास कुणी तिथं असतं? बाईंचं म्हणणं, असतं. आणि प्रत्येक साखरेसाठी वेगळं असतं.

त्याचा पुरावा म्हणजे सतरा नंबर. गावाकडच्या एका गुऱ्हाळातल्या काकवीच्या फेसातून बाईंनी यीस्टचे कितीतरी वाण वेगळे केले होते. त्यांतल्या सतराव्याला फक्त एक ठरावीक साखर दिली की तो उपाशी मरायचा. पण त्याच पेशी फोडून त्यांचा रस त्या साखरेत घातला, की साखर पचायची. "म्हंजे पोट चांगलं हाय, गिळताच येत न्हाई," बाई सांगायच्या. फौजेतून निवृत्त झालेल्या आपल्या वडलांनाही त्यांनी हे असंच समजावलं होतं. "मग त्याला डागदराकडं ने की," म्हातारा म्हणाला होता. हे सांगताना बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

आता एकच प्रयोग राहिला होता. किरणोत्सारी साखर देऊन, ती पेशीत शिरतच नाही हे मोजून दाखवायचं. ती सोय मुंबईच्या एका संस्थेत होती. दोन वर्षं पत्रं लिहिल्यावर उत्तर आलं, जुलैत या. ते पत्र बाईंनी मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना माझ्या खांद्यावरून स्वतःही पुन्हा वाचलं.

मे महिन्यात वडलांना अर्धांगवायूचा झटका आला. बाई कुंडलला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "दर चार दिवसांनी फ्रिज उघडून बघ. लाइट गेली तर बर्फ आणून ठेव. बाकी काय करू नकोस." कॉलेजात फ्रिज एकच होता आणि सतरा नंबरच्या सगळ्या नळ्या त्यातच होत्या.

मी दोनदा जाऊन बघून आले. मग साताऱ्याहून पत्र आलं, मुलगा बघायला येतोय. दोन दिवसांसाठी म्हणून गेले. पसंती झाली, साखरपुडा ठरला, आणि दोन दिवसांचे साडेतीन आठवडे झाले. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत सतरा नंबर माझ्या मनातसुद्धा आला नाही.

परत आले तर प्रयोगशाळेला नवा रंग दिलेला. रंगाऱ्यांनी फ्रिज सरकवताना प्लग काढला होता; तो तसाच लोंबत होता. आत नळ्यांमधलं यीस्टचं खाद्य वाळून तडकलं होतं. काहींवर हिरवी-काळी बुरशी आली होती.

मी एसटीनं कुंडल गाठलं. बाई वडलांना पेज भरवत होत्या. उभ्या उभ्याच मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा चमचा थांबला नाही. वाटी संपवून त्यांनी म्हाताऱ्याचं तोंड पुसलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

"साखरपुडा झाला का?"

"हो."

"बरं झालं."

दुसऱ्या दिवशी वडलांना भावाच्या हवाली करून त्या माझ्याबरोबर आल्या. तीन आठवडे आम्ही एकेक नळी खरवडून, बशांतल्या नव्या खाद्यावर तिच्या रेघा ओढून काही उगवतंय का ते बघत राहिलो. बुरशीखेरीज काही उगवलं नाही. एकदा तरी मला रागवा, म्हणून मी रडले. "रागवून काय ते जितं हुणार हाय? बशा धू," त्या म्हणाल्या. मुंबईला येऊ शकत नाही, हे पत्र त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं.

पुढचे दोन हंगाम आम्ही गुऱ्हाळं पालथी घातली. तसा वाण पुन्हा मिळाला नाही. नंतर एका दुपारी ग्रंथालयात, कित्येक महिने उशिरा पोचलेल्या परदेशी नियतकालिकात तोच शोध छापलेला दिसला. दुसऱ्या यीस्टवर, तिघांच्या नावांनी. बाईंनी तो उभ्यानंच शेवटपर्यंत वाचला. "बरोबर हाय त्यांचं," त्या म्हणाल्या, "काम नेटकं केलंय." पुढच्या आठवड्यात वर्गात त्यांनी तो शोध त्या तिघांची नावं फळ्यावर लिहून शिकवला. स्वतःच्या कामाचा अवाक्षरानंही उल्लेख नाही. मागच्या बाकावर बसून मला ते ऐकवेना.

लग्नानंतर मी वाईला आले. वडील गेल्यावर बाईंनी नोकरी सोडली आणि त्या कुंडललाच राहायला गेल्या. माझ्या पत्रांना दोन ओळींचं उत्तर यायचं. पुढं तेही थांबलं. पोटाच्या कर्करोगानं त्या गेल्याचं मला महिनाभर उशिरा कळलं.

मी गेले तेव्हा त्यांच्या धाकट्या भावानं वह्यांचा गठ्ठा आणून पुढ्यात ठेवला. नोकरी सोडल्यानंतरच्या वह्या होत्या. घरी, लोणच्याच्या बाटल्यांमध्ये खाद्य करून त्या दर हंगामाला काकवीतलं यीस्ट वाढवत राहिल्या होत्या. पानापानावर नंबर, आणि प्रत्येक नंबरापुढं एकच शब्द, 'घेतो'. चारशेच्या पुढं नंबर गेले होते. सतरा नंबरसारखा साखर 'घेत नाही' असा एकही नव्हता.

"आमाला ह्यातलं कळत न्हाई, ताई," भाऊ म्हणाला. "लय जीव लावून करायची. कामाचं हाय का हे?"

साखर पेशीच्या आत कशी जाते, या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर जगाला केव्हाच मिळालं होतं. त्या वह्या आता कुणाच्याही उपयोगाच्या नव्हत्या.

"हो," मी म्हणाले. "खूप कामाचं आहे."

त्याचा चेहरा उजळला. "तरीच," तो म्हणाला. "आक्का उगीच काय करायची न्हाई."