सुपडू मुकादमाची झाकून ठेवलेली गाडी

तापीकाठच्या कोसाडला, सरकारी आवासात, आमच्या बिल्डिंगीखाली एक मोटार उभी असते. उभीच असते. तिचा मालक सुपडू, सचिन नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका डाइंग मिलमध्ये मुकादम. पारोळ्याकडून लूमवर कामाला आला, मुकादम झाला आणि तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. मला त्याचा मनापासून तिटकारा आहे, आणि एकाच गावचे असल्यामुळे तो लपवायची गरज मला वाटत नाही.

गाडी जुनी घेतली, पण थाट नवरदेवाचा. रोज सकाळी पाइप लावून तिची अंघोळ. मग ती ओली असतानाच वरून मिलमधल्या रिजेक्ट साड्यांचं शिवलेलं झाकण. हँडब्रेक असा ओढायचा, जणू तापी येऊन गाडी वाहून नेणार आहे. मिलमध्ये कुणी कापडाचा ओला ताका ढिगात सोडला, तर डाग पडतील म्हणून हाच माणूस त्याच्या सात पिढ्या उद्धरतो. घरी मात्र ओलं लोखंड पॉलिस्टरमध्ये गुंडाळून ठेवतो. मी एकदा सांगायला गेलो तर म्हणाला, "तुले गाडीमधलं काय समजस?" संध्याकाळी उभ्या गाडीत काच खाली करून बसतो आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा फोनवर बोलतो. चालवतो ती दसऱ्याला, पूजेपुरती.

यंदा श्रावणात भल्या सकाळी त्याची बायको सरलाबाई हिच्या माहेरून फोन आला. वडील गेले. भाऊ म्हणाला, ऊन कलेपर्यंत थांबतो, पुढं गाव थांबू देणार नाही. मी म्हटलं, उधन्याहून सकाळची रेल्वे मिळते, आत्ता निघा.

सुपडूनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "दारमा मोटार उभी शे नि रेल्वेमा जाऊ? सासरवाडीना लोके काय म्हनतीन?"

सासरा मेला होता, आणि याला सासरवाडीचे लोक काय म्हणतील याची काळजी.

सरलाबाई मागच्या सीटवर जाऊन बसली. इंजिन सुरू झालं, पण गाडी जागची हलेना. सुपडूनं आधी बॅटरीला दोष दिला, मग शेजाऱ्यांना. "गाडीले नजर लागनी," म्हणत चाकांखाली लिंबं ठेवली. आम्ही ढकलली, लिंबंसुद्धा चिरडली नाहीत. तेवढ्यात रेल्वे गेली. पर्वत पाटियाच्या गॅरेजमधून ललित मेकॅनिक आला, वाकून बघितलं आणि हसला. ब्रेकची पॅड गंजून डिस्कला चिकटली होती. "रोज धुवो छो, चलावता नथी," एवढं गुजरातीत बोलून त्यानं चाकं काढायला घेतली.

"रिक्षा करा, बस धरू," सरलाबाई आतून म्हणाली. "माले मना बापनं तोंड देखनं शे."

"आत्ते व्हई जाई," सुपडू म्हणाला. तिच्याकडे न बघता.

हातोड्याचे घाव बसत राहिले. शेवटी कडाक आवाज झाला आणि चाक फिरलं. सुपडूच्या चेहऱ्यावर असा आनंद, की कुणाला वाटावं घरात बारसं आहे. सरलाबाई एकटी नको म्हणून मीही पुढच्या सीटवर बसलो. वाटेत तिच्या भावाचे फोन येत होते. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "उनू रे भाऊ, थांब."

गावाच्या फाट्यावर पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. "नदीवर उनूत, आत्ते आग देतस," भाऊ फोनवर म्हणाला. "फाटावर शेत ना तुम्ही? मंग लोकेसले थांबाडस."

आणि सुपडूनं गाडी थांबवली. डिकीतून फडकं काढलं आणि बॉनेटवरचा चिखल पुसायला लागला.

"काय करतोस?" मी ओरडलो.

"अशी चिखलनी भरेल लई जाऊ का गावमा?"

मी उतरून फडकं हिसकावलं. त्यानं डिकीतून दुसरं काढलं. सरलाबाईनं दार उघडलं, चपला तिथंच राहिल्या, आणि चिखलातून ती गावाकडे धावत सुटली. मी तिच्यामागं. वळणावर पोहोचलो तर नदीच्या अंगाला धूर चढलेला.

भाऊ ओल्या धोतरानं समोरून आला. "ताई, लोकेसनी ऐकं नही," म्हणाला. "आत्तेच आग दिधी."

ती वाटेतच खाली बसली. रडली नाही. मागून हॉर्न वाजला. सुपडू गाडी घेऊन आला होता, स्वच्छ पुसलेली. त्यानं काच खाली केली, मेव्हण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी कोठे लावू?"